वटहुकुमाचे पुनर्जन्म

राज्यघटनेस मृत्यु दोन प्रकारांनीं येतो. पहिला प्रकार सर्वांस दिसतो. एका रात्रींत पुढारी तुरुंगांत जातात, छापखान्यांची वीज तोडली जाते, आणि सकाळीं दारांत वर्तमानपत्र आलें नाहीं म्हणजे अत्यंत बेफिकीर गृहस्थासही कळतें कीं कांहीं तरी विपरीत घडलें आहे. १९७५ सालच्या जून महिन्यांत आपल्या देशानें हा प्रकार अनुभवला. दुसरा प्रकार शांत आहे. त्यांत घटनेचें एकही कलम उघडपणें मोडलें जात नाहीं. कलम जेथल्या तेथें राहतें, त्याचे शब्दही तेच राहतात. मात्र त्या शब्दांतील प्राण हळूहळू काढून घेतला जातो. आणि हें काम कोणी जुलमी पुरुष करितो असेंही नाहीं. सोयीस सोकावलेलें सचिवालय आणि त्याच्या कागदावर न वाचतां सही करणारें मंत्रिमंडळ हीं दोन मिळून तें करितात. पहिल्या प्रकाराविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि तें योग्यच आहे. आज आम्हांस दुसऱ्याविषयीं लिहावयाचें आहे, कारण त्याचा बोभाटा होत नाहीं, आणि ज्याचा बोभाटा होत नाहीं तो रोग अधिक खोल जातो.

वटहुकूम म्हणजे विधिमंडळानें न केलेला कायदा. आपल्या घटनेच्या १२३ व्या कलमानें राष्ट्रपतींस आणि २१३ व्या कलमानें राज्यपालांस असा अधिकार दिला आहे कीं, सभागृहांचें अधिवेशन चालू नसतां तत्काळ उपाय योजणें भाग पडेल अशी परिस्थिति उद्भवल्यास त्यांनीं वटहुकूम काढावा. त्याचें बळ विधिमंडळाच्या कायद्याइतकेंच असतें. हा अधिकार नांवानें राष्ट्रपतींचा व राज्यपालांचा. वस्तुतः तो मंत्रिमंडळाचा, कारण हे दोघेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें वागतात. इतका मोठा अधिकार देतांना घटनाकारांनीं त्यास दोन कुंपणें घातलीं. सभागृह पुन्हां भरलें म्हणजे वटहुकूम त्यापुढें ठेवला पाहिजे, हें एक. आणि सभागृह भरल्यापासून सहा आठवड्यांनीं तो आपोआप नाहींसा होतो, हें दुसरें. विधिमंडळाच्या दोन बैठकींत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडूं नये, असाही घटनेचा दंडक आहे. तेव्हां हिशेब सोपा आहे. सहा महिने आणि सहा आठवडे, म्हणजे फार तर साडेसात महिने, एवढेंच वटहुकुमाचें आयुष्य. त्यापुढें जगावयाचें असेल तर त्यानें विधेयकाचें रूप घेऊन सभागृहाच्या दारांतून आंत गेलें पाहिजे. साडेसात महिन्यांचें हें आयुष्य चौदा वर्षांचें कसें झालें, ही आमच्या लेखाची मुख्य कथा आहे.

परंतु त्याआधीं या अधिकाराचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे. इंग्लंडांत पहिल्या जेम्स राजानें जाहीरनामे काढून लंडनांत नवीं घरें बांधण्यास आणि गव्हापासून खळ करण्यास मनाई केली, तेव्हां १६१० सालीं न्यायाधीश कोक व त्याचे सहकारी यांचें मत विचारण्यांत आलें. त्यांनीं सांगितलें कीं, जें कृत्य कायद्यानें अपराध ठरत नाहीं तें राजाच्या नुसत्या जाहीरनाम्यानें अपराध ठरूं शकत नाहीं. इंग्रजांच्या स्वातंत्र्याचा पाया ज्या थोड्या निर्णयांवर उभा आहे त्यांत याची गणना होते. पण तेच इंग्रज येथें राज्य करूं लागले, तेव्हां १८६१ च्या कौन्सिल कायद्यानें गव्हर्नर जनरलास सहा महिन्यांच्या मुदतीचे वटहुकूम काढण्याची मुभा देण्यांत आली. स्वतःच्या घरीं जें विष मानिलें तेंच परक्या प्रजेस औषध म्हणून पाजण्यांत आलें. १९३२ च्या जानेवारींत लॉर्ड विलिंग्डन यांच्या सरकारनें वटहुकुमांची जी सरबत्ती केली ती त्या पिढीच्या अंगावरील वळांप्रमाणें होती. 'वटहुकुमी राज्य' हा शब्दच तेव्हां शिवीसारखा वापरला जाई. १९३५ च्या कायद्यानें हा अधिकार प्रांतांच्या गव्हर्नरांसही दिला, आणि तेथूनच तो आपल्या घटनेंत उतरला.

तो उतरतांना कोणाच्या लक्षांत आलें नाहीं असें नव्हे. १९४९ च्या मे महिन्यांत घटनासमितींत या कलमावर चर्चा झाली, तेव्हां पंडित हृदयनाथ कुंझरू आणि प्रोफेसर के. टी. शहा यांनीं त्यावर कडक आक्षेप घेतले. डॉक्टर आंबेडकरांनीं कलमाचें समर्थन केलें. तें असें कीं, सभागृह भरलेलें नसतां अकस्मात् एखादी परिस्थिति उद्भवली आणि चालू कायदा तिला पुरा पडला नाहीं, तर कार्यकारी सत्तेनें हातपाय बांधून बसावें काय? समर्थन योग्य होतें. मात्र तें अकस्मात् उद्भवणाऱ्या परिस्थितीपुरतेंच होतें, हें विसरतां कामा नये. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांस तर पुढें काय होणार तें तेव्हांच दिसूं लागलें होतें. हें घराणें मूळचें कोंकणांतलें, अहमदाबादेस स्थायिक झालेलें. दादासाहेबांनीं १९५० सालीं सरकारास, आणि १९५४ सालीं खुद्द पंतप्रधान नेहरूंस लिहून कळविलें कीं, वटहुकूम ही मुळांतच लोकशाहीशीं न जुळणारी वस्तु आहे. तिचा वापर निरुपायानेंच व्हावा. आज आपण जो पायंडा पाडूं तोच पुढें चालेल. पंतप्रधान हे मित्र, पक्ष एकच, देश नुकताच स्वतंत्र झालेला; असें असूनही सभागृहाचा मान सांभाळणें हें आपलें पहिलें कर्तव्य आहे, असें या गृहस्थास वाटलें. असे अध्यक्ष विरळा.

आतां मुख्य कथेकडे वळूं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील एक प्राध्यापक, डॉ. डी. सी. वाधवा, बिहारांतील जमीनधारणेच्या कायद्यांचा अभ्यास करीत होते. अर्थशास्त्राच्या संशोधकास कायद्याची संहिता लागते, म्हणून ते तेथील राजपत्रें चाळूं लागले. चाळतां चाळतां त्यांस एक विलक्षण गोष्ट आढळली. जो कायदा शोधावा तो कायदा नसून वटहुकूम असे. तो वटहुकूम मुदत संपून मेलेला असे. आणि मेल्यावर लगेच, तीच कलमें, तीच भाषा घेऊन, नव्या क्रमांकानें पुन्हां जन्मास आलेला असे. त्यांनीं मूळ विषय बाजूस ठेवून या जन्ममरणांचीच मोजदाद केली, आणि १९८३ सालीं ग्रंथरूपानें ती प्रसिद्ध केली. १९६७ ते १९८१ या काळांत बिहारांत २५६ वटहुकूम असे निघाले होते कीं जे पुन्हां पुन्हां जारी करून एक वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवण्यांत आले. यांपैकीं ६९ वटहुकूम तर राष्ट्रपतींची पूर्वसंमति घेऊन अनेक वेळां काढण्यांत आले. उंसाच्या पुरवठ्याविषयींचा एक वटहुकूम जवळजवळ चौदा वर्षें चालला. ज्यास घटनेनें साडेसात महिन्यांचें आयुष्य दिलें, तो एका पिढीच्या शाळेइतका जगला.

हें कसें साधलें? याची युक्ति इतकी सोपी आहे कीं तिच्या सोपेपणाचीच लाज वाटावी. अधिवेशन भरे, विधेयक मांडलें जात नसे, अधिवेशन संपे, आणि सहा आठवड्यांची मुदत भरण्याच्या सुमारास तोच वटहुकूम राज्यपालांच्या सहीसाठीं पुन्हां जाई. घटनेनें म्हटलें होतें कीं अधिवेशन चालू नसतां काढावा. अधिवेशन चालू नव्हतें. घटनेनें म्हटलें होतें कीं सहा आठवड्यांनीं संपावा. तो संपत होता. शब्दाला शब्द जुळत होता. १९८१ च्या जुलै महिन्यांत त्या राज्याच्या संसदीय कामकाज विभागानें सर्व खात्यांस पत्र धाडून कळविलें कीं, अधिवेशन संपलें आहे, तरी आपापल्या खात्याचे वटहुकूम मुदतीपूर्वीं पुन्हां काढून घेण्याची तजवीज करावी. त्या पत्रांत कोणतीही लपवाछपवी नाहीं, संकोच नाहीं. शाळेच्या कारकुनानें फी भरण्याची तारीख कळवावी, त्याच सुरांत घटनेची फसवणूक कशी वेळेवर उरकावी याची सूचना त्यांत आहे. दुष्टपणाहून हा निर्विकारपणा आम्हांस अधिक भयंकर वाटतो. दुष्टास आपण काय करीत आहों याची जाणीव तरी असते.

वाधवांनीं १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. सरकारतर्फे पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणेंच आला: पुण्याच्या या प्राध्यापकाचा बिहारच्या वटहुकुमांशीं संबंध काय? २० डिसेंबर १९८६ रोजीं सरन्यायाधीश भगवती आणि चार सहकारी न्यायमूर्ति यांनीं जो निकाल दिला त्यांत या प्रश्नाचें उत्तर आहे, आणि आमच्या मतें तेंच त्या निकालाचें हृदय आहे. घटनेप्रमाणें केलेल्या कायद्यांनींच आपणांवर राज्य व्हावें, असा आग्रह धरण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे. त्यास दुसरा संबंध दाखविण्याची गरज नाहीं. पुन्हां पुन्हां वटहुकूम काढण्याची ती रीत म्हणजे घटनेची फसवणूक होय असें न्यायालयानें ठरविलें, त्या वेळीं चालू असलेला माध्यमिकोत्तर शिक्षणाच्या मंडळाविषयींचा वटहुकूम रद्द केला, आणि वाधवांस दहा हजार रुपये खर्च देवविला.

कथा येथें संपली असती तर हा लेख लिहिण्याचें प्रयोजन उरलें नसतें. परंतु त्याच निकालांत एक फट राहून गेली. सभागृहापुढें कामाची फार गर्दी असेल तर वटहुकूम पुन्हां काढणें कदाचित् क्षम्य ठरेल, असें न्यायालयानें म्हटलें. आणि ज्या घरांत चोर एकदां शिरला त्याची खिडकी उघडी राहिली तर काय होतें तें सर्वांस ठाऊक आहे. तीन वर्षेंही झालीं नाहींत तोंच, त्याच बिहारांत, १९८९ च्या डिसेंबरांत, ४२९ खासगी संस्कृत पाठशाळा सरकारच्या ताब्यांत घेण्याचा वटहुकूम निघाला. तो सभागृहापुढें ठेवला गेला नाहीं. मुदत संपली कीं पुन्हां निघाला, पुन्हां संपला, पुन्हां निघाला. आणि १९९२ च्या एप्रिलअखेर ही माळ तुटली. कायदा झाला नाहीं तो नाहींच. या पाठशाळांतील शास्त्रीपंडितांस वाटलें होतें कीं आपण सरकारी नोकर झालों. ते न्यायालयांत गेले. २ जानेवारी २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानें निकाल दिला: वटहुकूम सभागृहापुढें ठेवणें हें बंधनकारक आहे, तो न ठेवतां पुन्हां पुन्हां काढणें ही घटनेची फसवणूक आहे, आणि अशा वटहुकुमांतून कायमचे हक्क निर्माण होत नाहींत, मात्र दिलेलें वेतन परत मागूं नये. निकाल तत्त्वतः निर्दोष आहे. पण १९८९ सालीं ज्या शिक्षकानें सरकारी नोकरीच्या भरंवशावर घर बांधलें, मुलीचें लग्न ठरविलें, त्यास सत्तावीस वर्षांनीं हें कळलें कीं ज्या कागदावर आपण विसंबलों तो कागद कायदाच नव्हता. फसवणूक घटनेची झाली असें न्यायालय म्हणतें. घटना कांहीं रडत नाहीं. रडण्याचें काम पाठशाळेंतील पंतोजीकडे आलें.

हा रोग एकट्या बिहारचा किंवा एका पक्षाचा आहे, असें कोणी समजूं नये. १९ जुलै १९६९ रोजीं चौदा बँकांचें राष्ट्रीयीकरण वटहुकुमानें झालें. संसद २१ जुलैस भरावयाची होती. दोन दिवस थांबल्यानें कोणतें आकाश कोसळणार होतें? २०१३ सालीं अन्नसुरक्षेचा वटहुकूम ५ जुलैस निघाला आणि संसद ५ ऑगस्टला भरली. भूसंपादनाच्या कायद्यांतील दुरुस्तीचा वटहुकूम डिसेंबर २०१४ पासून तीन वेळां काढला गेला आणि अखेर ऑगस्ट २०१५ मध्यें सोडून देण्यांत आला. शत्रुसंपत्तीविषयींचा वटहुकूम २०१६ या एका वर्षांत पांच वेळां निघाला. केरळांत २०२२ च्या ऑगस्टमध्यें राज्यपालांनीं सही न केल्यामुळें ११ वटहुकूम एकदम निकालांत निघाले. त्यांतील कित्येक पूर्वीं पुन्हां पुन्हां काढलेले होते. डावा, उजवा, मधला, सर्वांचा हात या एकाच डब्यांत आहे. आपल्या महाराष्ट्रानें तरी काय केलें? २०१४ च्या जून महिन्यांत विधिमंडळाचें अधिवेशन होऊन गेलें. जुलैच्या ९ तारखेस मराठा व मुसलमान समाजांतील गटांस राखीव जागा देणारे वटहुकूम निघाले. ऑक्टोबरांत निवडणूक झाली. नोव्हेंबरांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें त्यांतील बराच भाग स्थगित केला. आणि नव्या सरकारानें एकाचा कायदा केला, दुसरा मरूं दिला. राखीव जागा असाव्या कीं नसाव्या, हा येथें प्रश्नच नाहीं. लक्षावधि तरुणांच्या आशा ज्या प्रश्नांत गुंतल्या आहेत तो प्रश्न सभागृहांत न मांडतां निवडणुकीच्या उंबरठ्यावर राजपत्रांतून सोडविणें, हा त्या तरुणांचा मान कीं उपमर्द, एवढेंच आम्ही विचारतों.

या सर्वावर एक पूर्वपक्ष नेहमीं मांडला जातो, आणि तो मांडणारे बहुधा आमच्याच वर्गांतले, शिकले-सवरलेले, घाईचे लोक असतात. त्यांचें म्हणणें चार भागांत येतें. पहिलें असें कीं, वटहुकुमांतील मजकूर चांगला असेल तर तो कोणत्या दारांतून आला याची उठाठेव कशास? दुसरें, सभागृहांत आतां चर्चा होतेच कोठें. तेथें आरडाओरड तेवढी चालते. तिसरें, बहुमत सरकारचेंच असतें. आज वटहुकूम काढला काय आणि उद्यां विधेयक संमत केलें काय, फरक फक्त कालाचा. आणि चौथें, काहीं चुकलेंच तर न्यायालय आहे.

पहिल्या म्हणण्याचें उत्तर बिहारच्या पाठशाळांनीं दिलें आहे. संस्कृत शिक्षकांस निश्चित वेतन मिळावें, याहून सात्त्विक हेतु कोणता? पण वाळूच्या पायावर बांधलेली धर्मशाळा वाटसरूस आसरा देत नाहीं, त्याच्या डोक्यावर पडते. शिवाय आज ज्या हातीं हें हत्यार आहे त्या हाताचा तुम्हांस विश्वास वाटतो, म्हणून तुम्ही तें धारदार करूं देतां. हात बदलतो, धार तशीच राहते. अधिकाराचा विचार करितांना तो आपल्या आवडत्या पुढाऱ्याच्या हातीं आहे असें न समजतां, ज्याचें आपणांस सर्वांत अधिक भय वाटतें त्याच्या हातीं आहे असें समजावें. राज्यशास्त्राचा हा पहिला धडा आमच्या विद्यार्थ्यांस लवकर समजतो; पदवीधर झाल्यावर तेच तो विसरतात.

दुसरें म्हणणें तर फिर्यादीनेंच चोरी करण्यासारखें आहे. सभागृह केव्हां बोलवावें आणि केव्हां उठवावें, हें ठरवितो कोण? मंत्रिमंडळच. १९५२ ते १९५७ च्या पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. २०१९ ते २०२४ च्या सतराव्या लोकसभेच्या २७४ झाल्या, आणि आपली मुदत पुरी करणाऱ्या कोणत्याही लोकसभेच्या याहून कमी झालेल्या नाहींत. जो स्वतः दाराला कुलूप लावतो त्यानेंच 'या घरांत कोणी राहत नाहीं' अशी पाटी अडकवावी, आणि शेजाऱ्यांनीं ती खरी मानावी, असा हा प्रकार आहे. सभासद आरडाओरड करितात हें आम्हांस मान्य आहे. त्याची शरमही आम्हांस वाटते. पण आजारी अवयवावर उपचार करावा लागतो. तो वापरणेंच सोडून दिलें तर वाळून जातो.

तिसरें म्हणणें अधिक विचारी दिसतें, म्हणून त्याचा परामर्श थोडा विस्तारानें घेतला पाहिजे. बहुमत आहे, मग चर्चेनें काय साधतें? या प्रश्नाचें उत्तर ज्यांचें नांव वाधवांच्या संस्थेस आहे त्या गोपाळराव गोखल्यांच्या चरित्रांत सांपडतें. १९०१ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलापुढें जमीनमहसुलाच्या कायद्यांतील दुरुस्तीचें बिल आलें. शेतकऱ्याच्या जमिनीवरील हक्काशीं त्याचा संबंध होता. कौन्सिलांत सरकारी मतें ठरलेलीं होतीं. बिल संमत होणार यांत कोणास तिळमात्र संशय नव्हता. असें असूनही फिरोजशहा मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी यांनीं मागितलें तें एवढेंच कीं, लोकांचें मत समजून घेण्यास अवधि द्यावा. तो मिळेना, तेव्हां ते सभागृह सोडून बाहेर पडले. ज्यांस जिंकण्याची मुळींच आशा नव्हती अशा माणसांनीं चर्चेच्या अवधीसाठीं एवढा आग्रह कां धरला? कारण कायद्याचा जन्म लोकांच्या डोळ्यांदेखत व्हावा, करणाऱ्यास आपल्या प्रत्येक कलमाचें कारण तोंडानें सांगावें लागावें, विरोधकानें काढलेली चूक कागदावर नोंदली जावी, आणि हरलेल्या पक्षासही आपलें ऐकून घेतलें गेलें असें वाटावें, यांतच कायद्याचें कायदेपण आहे हें त्यांस ठाऊक होतें. हात वर करून मतें मोजणें हा त्या कामाचा केवळ शेवट. परक्या सरकारासही निदान सभागृहांत बसून गोखल्यांचें भाषण ऐकावें लागलें. आपल्याच लोकांनीं निवडून दिलेल्या सरकारास तेवढेंही सोसत नसेल, तर आपण मिळविलें काय?

चर्चेवांचून केलेला कायदा टिकतही नाहीं, याचा दाखला फार दूर नाहीं. ५ जून २०२० रोजीं, साथीच्या काळांत, शेतीमालाच्या व्यापाराविषयीं तीन वटहुकूम निघाले. सप्टेंबरांत त्यांचे कायदे झाले. राज्यसभेंत ते गोंधळांत आवाजी मतानें संमत झाले. त्यानंतर वर्षभर दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसून राहिले. आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजीं ते कायदे रद्द करणारें विधेयक लोकसभेंत चर्चेवांचूनच संमत झालें. त्या कायद्यांत गुण होते कीं दोष, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण ते आले तेव्हां कोणी कारण सांगितलें नाहीं, आणि गेले तेव्हांही कोणी सांगितलें नाहीं. सभागृहांत जें बोलूं दिलें नाहीं तें रस्त्यावर बोललें गेलें. बोलण्याची जागा बदलते, बोलणें थांबत नाहीं. आणि रस्त्यावरच्या बोलण्यास दुरुस्तीची उपसूचना मांडतां येत नाहीं.

राहिलें चौथें म्हणणें. न्यायालयाविषयीं आम्हांस आदर आहे. वाधवांचा निकाल हा त्या आदराचें एक कारण आहे. परंतु न्यायालय काय करूं शकलें तें पाहा. २५६ वटहुकुमांपैकीं एक रद्द झाला. बाकीचे आपलें काम करून केव्हांच गेले होते. १९९२ सालीं संपलेल्या वटहुकुमांचा अंतिम निर्णय २०१७ सालीं लागला. वैद्य कितीही निष्णात असला तरी तो जर अंत्यविधीनंतर येत असेल, तर त्याच्या हातून शवाची परीक्षा तेवढी होते. शिवाय तो निर्णय लागण्यासाठींसुद्धां कोणी तरी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

आणि येथेंच आम्हांस आमच्या वाचकांशीं खरें भांडण मांडावयाचें आहे. बिहारांतील हा प्रकार गुप्त नव्हता. तो एकदां घडला नाहीं, चौदा वर्षें घडत होता. त्या काळांत तेथें नाना पक्षांचीं मंत्रिमंडळें आलीं आणि गेलीं. प्रत्येक वटहुकूम, त्याच्या तारखेसह, सरकारी राजपत्रांत छापून प्रसिद्ध होत होता. तें राजपत्र ग्रंथालयांत येत होतें. पाटण्यास उच्च न्यायालय होतें, वकील होते, विश्वविद्यालय होतें, कायद्याचे अध्यापक होते, वर्तमानपत्रें होतीं, आणि ज्यांचा अधिकार दररोज लुटला जात होता ते शेंकडों आमदार होते. यांपैकीं कोणी तें मोजलें नाहीं. मोजलें तें दुसऱ्याच विषयाच्या शोधांत आलेल्या एका अर्थशास्त्रज्ञानें. चोरी भर बाजारांत, दिवसाढवळ्या, पावती देऊन चालली होती. पावती वाचणारा मात्र कोणी नव्हता.

आपल्या सुशिक्षित वर्गाची वाचण्याची हौस मोठी आहे. पुढाऱ्यांच्या भाषणांवर आपण तासन् तास वाद घालतों. कोण मंत्री होणार आणि कोण पडणार, याचीं भाकितें आपल्या बैठकींत रंगतात. पण गेल्या वर्षीं आपल्या राज्यांत किती वटहुकूम निघाले, त्यांतले किती सभागृहापुढें आले, सभागृह किती दिवस बसलें, याचें उत्तर शंभरांतील एक पदवीधर तरी देईल काय? आम्ही घटनेच्या उद्देशिकेच्या तसबिरी भिंतीवर लावतों, सव्वीस जानेवारीस तिचें सामुदायिक वाचन करितों. आणि ज्या कलमांतून तिचा प्राण जातो त्या २१३ व्या कलमाकडे ढुंकूनही पाहत नाहीं. पूजा करावी आणि हिशेब पाहूं नये, ही आपली जुनीच खोड आहे. देवस्थानांचीं उत्पन्नें याच मार्गानें पुजाऱ्यांनीं खाल्लीं.

यावर उपाय अवघड नाहींत. विधिमंडळानें वर्षांत निदान किती दिवस बसावें हें कायद्यानें ठरवावें, म्हणजे अधिवेशन टाळून वटहुकुमास मोकळें रान करून देण्याची सोय राहणार नाहीं. प्रत्येक वटहुकूम अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशीं सभागृहापुढें यावा, आणि थांबतां कां आलें नाहीं याचें कारण मंत्र्यानें उभें राहून सांगावें. एकदां मेलेला वटहुकूम पुन्हां काढूं नये, यास 'कामाची गर्दी' हा अपवाद नसावा. ज्या सभागृहास कामाची गर्दी आहे त्यानें अधिक दिवस बसावें. पण हे उपाय कोणी आपण होऊन अमलांत आणणार नाहीं. कोणतेंही सरकार स्वतःची सोय स्वतः सोडीत नाहीं. तें सोडवून घ्यावें लागतें, आणि त्यासाठीं मत मागण्यास येणाऱ्या उमेदवारास रस्त्याविषयीं व पाण्याविषयीं विचारतांना हाही एक प्रश्न विचारावा लागतो कीं, बाबा रे, तुला ज्या सभेंत आम्ही धाडतों आहों ती सभा भरवावी म्हणून तूं काय करणार आहेस? ती सभा भरणारच नसेल तर तुझें तेथें काय काम, आणि आमच्या मताचें तरी काय काम?

कायद्याचें राज्य म्हणजे कायदे पुष्कळ असलेलें राज्य नव्हे. वटहुकुमांच्या काळांत बिहारांत कायद्यांची कांहीं वाण नव्हती. कायदा करणारासही ज्या राज्यांत कायद्याच्या वाटेनेंच जावें लागतें तें कायद्याचें राज्य. ती वाट लांब आहे, तीवर गर्दी आहे, धूळ आहे, आणि आडवाटेनें गेल्यास मुक्काम लवकर गांठतां येतो, हें सर्व खरें. परंतु आडवाटेनें जाणाऱ्या सरकारास वाटेंत प्रजा भेटत नाहीं. आणि ज्या सरकारास वाटेंत प्रजा भेटत नाहीं त्यास आपण कोणासाठीं निघालों होतों याची आठवण फार दिवस राहत नाहीं.